'मुंबई' शोधलं की 'बॉम्बे' निसटतं: मुलांना डेटाबेसमध्ये शोधायला शिकवताना

कॉलेजात नव्याने लागलेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात जून-जुलैमध्ये एक काम हमखास पडतं: "मुलांना जरा एन-लिस्ट वगैरे दाखवून टाका." (एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना संशोधनाची नियतकालिकं, म्हणजे जर्नल्स, आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणारी योजना.) नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, रिसर्च प्रोजेक्ट हे शब्द वेळापत्रकातच येऊन बसलेत, त्यामुळे हे 'वगैरे' आता टाळता येत नाही. मग प्रोजेक्टर लागतो, पंचवीस स्लाइडी होतात, आठ डेटाबेसची, म्हणजे लेखांच्या ऑनलाइन साठ्यांची, नावं सांगून होतात, मुलं टाळ्या वाजवून कँटीनला जातात. पुढच्या आठवड्यात तीच मुलं विकिपीडियाचं पान छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणतात.

मीही पहिली दोन वर्षं असंच केलं. परळजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते आणि टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना शोधायला शिकवते. आता मी आठ डेटाबेस दाखवत नाही. एकच प्रश्न घेते आणि तो ४८ मिनिटांच्या तीन लेक्चरना पुरवते. पहिल्या लेक्चरला तर कॉम्प्युटर सुरूच करत नाही. पहिल्यांदाच हे शिकवायला उभे राहणार असाल, तर या क्रमाने जाऊन बघा.

आठवडाभर आधी: दारं उघडतायत का?

तुमच्या कॉलेजला नेमकं काय वाचायला मिळतं, हे ग्रंथपालांच्या टेबलाशी बसून विचारा. फोनवर विचारलंत तर "सगळं आहे" एवढंच उत्तर मिळेल.

अनुदानित कॉलेज असेल तर बहुधा एन-लिस्ट असतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. तिच्यात ६,००० हून अधिक जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं आहेत. कॉलेज सभासद असलं तरी प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं वेगळं उघडावं लागतं, आणि ते ग्रंथालयातूनच होतं. मुलांचे ईमेल गोळा करून, खाती उघडून, पासवर्ड मुलांच्या हातात पडेपर्यंत सहज आठवडा जातो. निम्म्या मुलांचा पासवर्ड स्पॅममध्ये पडलेला असतो, हे आधीच सांगून ठेवा.

सरकारी संस्थेत असाल तर तुमची चैन आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स केंद्र व राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना खुली केली. 

कॉलेज विनाअनुदानित असेल आणि वर्गणी कसलीच नसेल, तरीही तीन लेक्चरांपुरतं भरपूर मिळतं. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध आहेत, डीओएजेमध्ये फुकट वाचता येणाऱ्या मुक्त जर्नल्सची यादी आहे (ती २००३ पासून चालते), आयआयटी खरगपूरने उभी केलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, आणि जेस्टोअर या जर्नल्सच्या जुन्या अंकांच्या साठ्यावर फुकट वैयक्तिक खातं काढून ठरावीक संख्येने लेख वाचता येतात. मी स्वतः मुद्दाम जेस्टोअरवरच शिकवते. मूल पुढे कुठल्याही कॉलेजात गेलं तरी ते दार त्याच्यासाठी थोडंफार उघडं राहतं. शिवाय आपल्या मुंबईतून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक तिथे आहेत. १९४९ साली इकॉनॉमिक वीकली म्हणून सुरू झालेलं हे साप्ताहिक १९६६ पासून आजच्या नावाने निघतं. मुंबईवरचा कुठलाही सामाजिक विषय घ्या, त्यात काही ना काही सापडतंच.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच समजावून सांगा, नाहीतर रात्री दहा वाजता बदलापूरहून फोन येतो, "मॅडम, कॉलेजमध्ये उघडलेला लेख आता चाळीस डॉलर मागतोय." काही वर्गण्या कॉलेजच्या इंटरनेट जोडणीवर चालतात. प्रकाशकाचा सर्व्हर वाचक कोण हे बघत नाही, विनंती कुठल्या जोडणीवरून आली ते बघतो. घरच्या वायफायवर किंवा मोबाइल डेटावर तोच दुवा अनोळखी ठरतो. एन-लिस्टला स्वतःचं लॉगिन असतं, त्यामुळे ते घरून चालतं, फक्त आधी लॉगिन करून मग आतून शोधायचं. गुगलवर लेख सापडला आणि तिथून थेट दुवा दाबला, तर दार बंदच दिसणार. मुलांनी खिशातून पैसे भरायचे नाहीत, हे दोनदा सांगा. एका मुलीने भरले होते.

पहिलं लेक्चर: कागद, पेन आणि एक प्रश्न

कॉम्प्युटर बंद. मोबाइल दप्तरात. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

विषय काय घेतलास, असं विचारलं की मुंबईतलं मूल एका शब्दात उत्तर देतं. धारावी. लोकल. डबेवाले. गिरण्या. हा विषय नसतो, फार तर पत्ता असतो. त्यातून प्रश्न काढणं हे पहिल्या लेक्चरचं सगळं काम. दोन वर्षांपूर्वीचं एक संभाषण मला अजून उपयोगी पडतं.

"मॅडम, मी गिरणी कामगारांवर करतो."

"त्यात नेमकं कशावर?"

"संपावर. १९८२च्या."

"त्या संपावर लोकांनी आयुष्यं घातलीत, बाळा. तुला त्यातलं काय जाणून घ्यायचंय?"

तो गप्प. शेजारचा मित्र हसला. मग हा हळूच म्हणाला, "माझी पणजी लालबागला खानावळ चालवायची. पंधरा-वीस गडी जेवायला असायचे. संपात ते पैसे कुठून देणार? मग तिचं काय झालं, हे कोणी लिहिलंय का?"

वर्ग शांत झाला. प्रश्न हातात आला होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्यातले कितीतरी जण घर कोकणात किंवा घाटावर ठेवून इथे एकटे राहत आणि महिन्याच्या बोलीवर कुणा बाईच्या घरी जेवत. पगार थांबला तेव्हा त्या बायांच्या चुलीचं काय झालं, हा प्रश्न एका सेमिस्टरमध्ये मावतो. त्याला काळ आहे, ठिकाण आहे, माणसं आहेत.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना एस. आर. रंगनाथन आठवतील. त्यांनी कोलन वर्गीकरण या आपल्या पद्धतीत विषय फोडायचे पाच पैलू मांडले, त्यातले शेवटचे दोन म्हणजे स्थळ आणि काळ. मुलांना मी पाचही सांगत नाही. कोण, काय, कुठे, कधी, असे चार उभे रकाने कागदावर आखायला लावते आणि प्रत्येक रकान्यात त्या गोष्टीची सुचतील तितकी नावं लिहायला सांगते. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एका रकान्यात पाच नावं तरी झाली पाहिजेत. या कागदाला आमच्याकडे 'शब्दांचा कागद' म्हणतात, आणि तो सही करून घेतल्याशिवाय दुसऱ्या लेक्चरला बसता येत नाही.

इथे घाई करू नका. शोध फसतो तो बहुतेक वेळा याच कागदावर, आणि मुंबईच्या विषयांत तर नक्की फसतो. आता त्याची कारणं.

'कुठे'च्या रकान्यात मुलं 'मुंबई' लिहून मोकळी होतात. पण इंग्रजीत या शहराचं नाव अधिकृतपणे बदललं १९९५ साली. त्याआधीचं जवळपास सगळं इंग्रजी लिखाण 'बॉम्बे' या नावाखाली आहे. नंतरही इतिहासावर लिहिणारे बरेच जण जुनंच नाव वापरतात, उच्च न्यायालय आणि आयआयटी यांच्या नावांत तर ते आजही आहे. म्हणजे १९८२च्या संपावर शोधताना नुसतं नवं नाव टाकलं, तर त्या काळात लिहिलेलं निम्म्याहून जास्त हाताला लागणारच नाही. आणि मूल येऊन सांगणार, "मॅडम, यावर काहीच लिहिलेलं नाही." पुण्याचं पूना, ठाण्याचं थाना, तीच गोष्ट. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहून ठेवते आणि तीन लेक्चर पुसत नाही.

दुसरी अडचण रोमन स्पेलिंगची. 'खानावळ' लिहिताना 'व'साठी व्ही की डब्ल्यू? 'ळ'साठी एक एल की दोन? शेवटी आय आहे की नाही? ज्या अभ्यासकाने जसं ऐकलं, तसं त्याने लिहिलं. 'डबावाला' हा शब्द तर मी चार-पाच वेगवेगळ्या स्पेलिंगांत बघितलाय, आणि 'टिफिन कॅरिअर' असं भाषांतर करून टाकणारेही आहेत. मुलांना सगळी रूपं लिहायला लावा. त्यांना यात गंमत वाटते, व्हॉट्सअॅपवर ती हेच करत असतात.

तिसरी अडचण मोठी आहे. अभ्यासक खानावळीला खानावळ म्हणतीलच असं नाही. ते 'असंघटित क्षेत्रातील स्त्रिया' म्हणतील, 'घरगुती उत्पादन' म्हणतील, 'स्थलांतरित कामगारांचे निवास व भोजन' म्हणतील. त्यातही भारतीय सरकारी कागदपत्रांत 'अनऑर्गनाइज्ड' असतं आणि आंतरराष्ट्रीय लिखाणात 'इन्फॉर्मल'. हे शब्द मुलाला आधीपासून ठाऊक असण्याचं कारण नाही. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, मराठी शब्दावरून इंग्रजी संज्ञा काढायला ते उत्तम. दुसरी युक्ती म्हणजे विषयाला चिकटलेली विशेषनामं आठवायची, माणसं, संस्था, जागा. खानावळीच्या बाबतीत ते नाव म्हणजे प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायांना एकत्र आणून सुरू केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. विशेषनाम शोधात सोन्यासारखं चालतं, कारण शहरांची नावं सोडली तर त्याला सहसा समानार्थी शब्द नसतात.

आणि काही शब्द दगा देतात. 'माळी' समाजावर शोधणाऱ्या मुलीला आफ्रिकेतल्या माली देशाचं राजकारण मिळालं होतं. ती बिचारी तासभर वाचत बसली. अशा शब्दासोबत 'महाराष्ट्र' किंवा 'कास्ट' जोडायचं, हेही कागदावरच लिहून ठेवायचं.

दुसरं लेक्चर: आधी उभे राहा, मग बसा

अँड, ऑर, नॉट हे तीन शब्द स्लाइडवर शिकवले की मुलं माना डोलावतात आणि पेपरात उलटं लिहितात. त्याला कारण आहे. आपल्या बोलण्यात 'आणि' म्हटलं की वाढतं. 'वडापाव आणि चहा' सांगितलं की पुढ्यात दोन वस्तू येतात. 'चहा किंवा कॉफी' म्हटलं तर एकच येते. डेटाबेसमध्ये नेमकं उलटं होतं. 'अँड'ने यादी आखडते, 'ऑर'ने पसरते.

म्हणून मी मुलांना उभं करते. "वेस्टर्न लाइनने येणारे उभे राहा." अर्धा वर्ग उभा. "वेस्टर्नने येणारे आणि घरचा डबा आणणारे." बरेच जण खाली बसतात. "वेस्टर्न किंवा हार्बर." पुन्हा गर्दी. मग कंसाची पाळी: "वेस्टर्न किंवा हार्बर, यांपैकी कुणीही, पण डबा आणणारेच." कंस कशासाठी असतो, हे त्या क्षणी कळतं. शेवटी 'नॉट': "डबा आणणारे, पण हार्बर वापरणारे नकोत." अंधेरीची मुलगी चरफडत खाली बसते, ती दोन्ही लाइनी वापरते. 'नॉट' काय करतो ते तिला विचारा, आयुष्यभर विसरणार नाही. नको असलेल्याबरोबर हवं असलेलंही जातं. म्हणून 'नॉट' शेवटचा उपाय म्हणून ठेवायचा.

(ही सगळी भानगड ज्यांच्या नावाने 'बूलियन' म्हणून ओळखली जाते ते जॉर्ज बूल यांची पत्नी मेरी, ही एव्हरेस्ट शिखराला ज्यांचं नाव दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. वर्ग पेंगायला लागला की हे सांगते.)

मग लॅब. लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर असतील तर चालू चौदा असतात, तेव्हा दोघादोघांना बसवा. तेही बरंच, कारण एक टाइप करतो आणि दुसरा कागद वाचतो. पहिला शोध मुद्दाम वाईट करायला लावा. 'मुंबई विमेन फूड' असे तीन शब्द टाकू द्या. हजारोंनी निकाल येतात आणि पहिल्या पानावर कामाचं काही नसतं. "आता हे सगळं वाचणार का?" असं विचारा आणि थांबा.

दुरुस्ती एकेक करत जायची. शब्दांच्या कागदातला एक रकाना म्हणजे एक कंस. कंसाच्या आत सगळे शब्द 'ऑर'ने जोडायचे, आणि कंस एकमेकांना 'अँड'ने. अँड, ऑर नेहमी मोठ्या रोमन अक्षरांत. दोन शब्द जोडीनेच हवे असतील, जसं 'टेक्स्टाइल मिल', तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाकायचे. शब्दाचं मूळ रूप लिहून पुढे चांदणी (*) दिली की त्याची सगळी रूपं येतात, 'वर्क'ला चांदणी दिली की वर्कर, वर्कर्स, वर्किंग सगळे. गुगल स्कॉलरवर ही चांदणी चालत नाही, जेस्टोअरवर चालते. प्रत्येक डेटाबेसच्या मदतीच्या पानावर हे दिलेलं असतं, ते पान उघडायची सवय लावा.

आता रकान्यांचा, म्हणजे फील्डचा प्रश्न. जुन्या ग्रंथालयात तालिकेचे लाकडी खण असायचे. त्यातल्या कार्डावर लेखक, शीर्षक, साल, विषय अशी ठरलेली जागा असे. डेटाबेसमधली नोंद म्हणजे तेच कार्ड. साध्या खिडकीत शब्द टाकला की तो लेखाच्या पूर्ण मजकुरात शोधला जातो, कुठल्याशा तळटीपेत एकदा आला असला तरी. प्रगत शोधात जाऊन 'फक्त शीर्षकात' असं निवडलं की यादी एकदम हाताच्या बोटांवर येते. तिथून परत थोडी सैल करायची. सारांशातला शोध मात्र जेस्टोअरवर जपून वापरा. तिथल्या बहुसंख्य लेखांना सारांशच नाही, तेव्हा सारांशात शोधलं की चांगले लेख गुपचूप गळून पडतात. मला हे कळायला बराच वेळ लागला होता.

वर्षाची चाळणी लावताना मुलं हमखास १९८२ ते १९८३ लावतात. संप तेव्हाचा असला तरी त्यावरचं लिखाण आजही चालू आहे. घटनेचं वर्ष आणि लेखाचं वर्ष यांतला फरक फळ्यावर लिहा.

यादी समोर आल्यावर

किती निकाल बरे? साधारण तीस ते साठ. त्याहून जास्त असले तर आणखी एक कंस जोडा, पाच-सातच असले तर एक कंस काढा. पहिल्या वीस शीर्षकांतून पाच निवडा, आणि का निवडले ते एका ओळीत लिहा.

लेख पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. सारांश असेल तर तो, नाहीतर पहिली दोन पानं. मग मधली उपशीर्षकं. मग शेवट. एवढ्यावर लेख ठेवायचा की सोडायचा ते ठरवायचं. ठेवला तर त्याच्या तळटीपा वाचायच्या, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. एका चांगल्या लेखाच्या तळटीपांत दहा लेख असतात. तिथून मागे जाता येतं. पुढे जायला गुगल स्कॉलर वापरायचं. लेखाचं शीर्षक तिथे टाकलं की खाली 'साइटेड बाय' दिसतं, म्हणजे या लेखाचा आधार नंतर कोणी कोणी घेतला. 'ऑल व्हर्जन्स' दाबलं तर कधी कधी पैसे मागणाऱ्या लेखाची लेखकाने स्वतः ठेवलेली फुकट प्रतही मिळते. आणि काहीच नाही मिळालं, तर लेखकाला चार ओळींचा नम्र ईमेल. बरेच लेखक लगेच प्रत पाठवतात. आमच्या एका विद्यार्थिनीला तर प्रतीसोबत आणखी दोन लेखांची नावंही आली होती.

उतरवलेल्या फाइलला लगेच नाव द्यायला लावा. जेस्टोअरची फाइल नुसत्या आकड्याच्या नावाने उतरते, आणि महिन्याभराने मोबाइलमध्ये असले चाळीस आकडे असतात. आडनाव, वर्ष, विषयाचा एक शब्द, बस. मुलं वाचतात ती लोकलमध्ये, मोबाइलवर, नेटवर्क येत-जात असताना, तेव्हा फाइल आधीच उतरवून ठेवलेली बरी. संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे त्यालाच सांगा. बाकीच्यांना वही पुरते.

तिसरं लेक्चर: मराठीतलं आणि खोटं

मराठीत शोधणं वेगळं शिकवावं लागतं, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही.

शोधगंगेपासून सुरू करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणं बंधनकारक केलं, त्यातून हा साठा वाढला. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. मुलांना आधी संदर्भसूचीची फाइल उघडायला लावा, मग पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत असतात, कधी रोमनमध्ये लिप्यंतर केलेली, तेव्हा दोन्हीकडे शोधायचं. आत गेल्यावर आणखी एक खोडा येतो. जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. डोळ्यांना मजकूर स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यात शब्द शोधला तर शून्य निकाल, आणि कॉपी करून चिकटवला तर भलतीच अक्षरं. "पीडीएफमध्ये खानावळ नाही" असं मूल म्हणालं, तर अनुक्रमणिका बघून पानं उलटायला सांगा.

मग आपलं व्याकरण. इंग्रजीत 'मिल'चं फार तर 'मिल्स' होतं. मराठीत गिरणी, गिरण्या, गिरणीत, गिरण्यांमधून. विभक्ती शब्दाला चिकटते आणि मूळ रूपही बदलते, त्यामुळे साध्या शब्दशोधाला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात. निदान तीन-चार रूपं घालून शोधायचं. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'गांव', 'नांव' असायचं, आणि सवयीने पुढेही बरीच वर्षं राहिलं. 'गिरणगाव' शोधणाऱ्याने 'गिरणगांव'ही शोधलं पाहिजे.

एवढं करूनही मराठीतलं पुष्कळ डेटाबेसमध्ये नाहीच. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. १८०४ साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीने आपल्याकडच्या दुर्मीळ साहित्याचा काही भाग 'ग्रंथ संजीवनी' नावाने ऑनलाइन आणलाय. राज्य पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी 'दाते सूची' लागते, तिचा पहिला टप्पा १८०० ते १९३७ या काळाचा. डेटाबेसमधून पत्ता काढायचा आणि मग लोकल पकडायची, हे मुलांना आवडतं असं मला दिसलंय. निदान एक शनिवार तरी.

उरलेली वीस मिनिटं खोटं ओळखण्यासाठी. यासाठी डबेवाल्यांसारखा विषय नाही. त्यांची चूक साठ लाख डब्यांत एक होते, असं एकीकडे छापलेलं असतं, दुसरीकडे एक कोटी साठ लाखांत एक. सोबत 'सिक्स सिग्मा' या अचूकतेच्या मानकाचा शिक्का. मुलांना सांगते, हा आकडा पहिल्यांदा कोणी मोजला ते काढा. एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, शेवटी तिसरा कुणाकडेच नाही. मोजणी कुठे आहे, असं विचारत जी मुलं मागे मागे जातात, त्यांना संदर्भ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. डबेवाल्यांच्या कामावर शंका घ्यायची नाहीये, आकड्यावर घ्यायची आहे, हेही सांगावं लागतं. वर्गात एखाद्याचे काका डबेवाले असतात.

एआयला विचारून आणलेले संदर्भ यातच घ्या. लेखक खरा, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, आणि तो लेख जगात अस्तित्वातच नाही, असं मी आता दर वर्षी बघते. तपासायला अर्धं मिनिट लागतं. पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर टाका, मग त्या जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. शब्द सुचवायला एआय वापरलं तर माझी हरकत नाही, पहिल्या लेक्चरच्या कागदासाठी ते बरं पडतं. संदर्भ मात्र स्वतः उघडून बघितलेलाच चालेल.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सबद्दल थोडक्यात सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नल्सची 'केअर' यादी २०२५च्या फेब्रुवारीपासून बंद झाली, त्यामुळे 'यादीत आहे का' हा सोपा प्रश्न आता उरला नाही. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या संस्थांत आहेत का, दोन दिवसांत छापून देण्याचं आश्वासन आहे का, एवढं बघितलं तरी टीवायच्या मुलाला पुरे.

गुण कशाला द्यायचे

मी अंतिम निबंधाला कमी आणि शोधवहीला जास्त गुण देते. सहकाऱ्यांना हे पटत नाही, दरवर्षी वाद होतो. शोधवही म्हणजे साधी दोनशेपानी. प्रत्येक शोधाला तारीख, डेटाबेसचं नाव, खिडकीत टाकलेले शब्द जसेच्या तसे, किती निकाल आले, त्यातले किती घेतले, आणि पुढच्या वेळी काय बदलणार. फसलेले शोधही लिहायचे, त्यांना तेवढेच गुण. निबंध कुठूनही उतरवता येतो, फसलेल्या अकरा शोधांची वही उतरवून काढणं जास्त कष्टाचं आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे मुलांना आमच्याआधी ठाऊक असतं. वही बघितली की त्या टक्केवारीची मला फारशी गरज पडत नाही.

दर पंधरा दिवसांनी वही बघा, तीनच मिनिटं, मुलाला समोर उभं करून. लाल पेनाने चुका काढू नका, फक्त विचारा, "हा शब्द का टाकलास?"

खानावळीवाल्या मुलाच्या वहीत नवव्या शोधापाशी अशी नोंद होती: 'फक्त मुंबई टाकलं होतं. बॉम्बे टाकून परत करतो. संध्याकाळी आजीला विचारायचं, पणजी किती गड्यांचं जेवण करायची.' खाली दुसऱ्या पेनाने, बहुधा रात्री, लिहिलेलं: 'अठरा. संपात सात. पैसे नंतर देतो म्हणाले.'